बोळा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी एका कपाटाला चापट मारली, आणि आता साडेअकरा वाजत आले तरी तळहात चुरचुरतोय. खरं तर चुरचुरायला हवी होती हाताची मागची बाजू, कारण त्याआधी मिनिटभर तीच बायकोच्या तोंडावर बसली होती. पण ती बाजू गप्प आहे. मारण्याचं कारण विचाराल तर सांगायलाही लाज वाटावी इतकं फालतू. माझा सगळ्यात बारीक कुंचला, ज्याला मी स्वतःशिवाय कुणाचा हात लागू देत नाही, तो बायकोनं मुलीला चित्र काढायला दिला आणि मुलीनं तो हिरव्या रंगात बुडवून तसाच वाळवला. मी ओरडलो. बायको म्हणाली, "हळू. ती दात घासतेय." एवढंच. हळू. ज्या शब्दावर मी वीस वर्षं पोट भरतोय नेमका तोच शब्द, आणि माझा हात उठला. बघा, आपण म्हणतो कसे, हात उठला. हात म्हणजे जणू घरात पोटभाडेकरू म्हणून राहणारा कुणी तिऱ्हाईत. ओठ दातावर आपटून फाटला. ती ओरडली नाही. ओट्यावरचं फडकं उचलून तिनं तोंडावर धरलं, धरलं म्हणजे अर्धं आत कोंबलं. तेवढ्यात मुलगी आली. सहा वर्षांची, तोंडात टूथपेस्टचा फेस, बोलता येईना म्हणून तिनं भुवयांनीच विचारलं. बायको फडक्यातून म्हणाली, "काही नाही गं, कपाटाचं दार लागलं." आता आमच्या घरात एक रीत आहे. मुलगी पडली की जमिनीला मारायचं, टेबलाचा कोपरा लागला की कोपऱ्याला. रीत मीच पाडली. मुलगी त्या उघड्या दाराकडे आणि मग माझ्याकडे बघत उभी राहिली, तिला पुढचं माहीत होतं. मी पुढे झालो आणि दाराला फाडकन चापट मारली. "वाईट कपाट! आईला लागलं ना?" मुलगी फेसातून हसली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर मी साडेअकरापर्यंत काहीतरी काम केलं असतं. जिन्यात समोरच्या काकू दार किलकिलं करून उभ्या होत्या. "सकाळी काही पडलं का हो? आवाज आला." मी म्हटलं, "कपाटाचं दार." त्या बरं म्हणाल्या आणि कडी लावून घेतली.

मी मूर्ती दुरुस्त करतो. संग्रहालयाच्या तळमजल्यावर उत्तरेकडच्या खिडक्यांची लांब खोली आहे, तिथं. आत्ता माझ्यासमोर फोमच्या उशांवर एक संत आडवा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा बरोक शैलीच्या कारागिरानं एका अख्ख्या खोडातून कोरलेला, माझ्याहून वीतभर उंच. याला जिवंतपणी सोललं होतं. अंगावर कातडी नाही, तांबडे स्नायू पिळून काढलेल्या कपड्यांसारखे, आणि स्वतःची सोललेली कातडी त्यानं डाव्या हातावर टाकलीय, पाऊस थांबल्यावर आपण रेनकोट टाकतो तशी. त्या कातडीला पाच बोटं आहेत, बोटांना नखं आहेत. कारागिराला हे करताना मजा येत होती याबद्दल मला शंका नाही. उजव्या गुडघ्यावर त्यानं कातडीचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय, सोलणाऱ्याची सुरी तिथून घाईत निघून गेल्यासारखा. आमच्या विभागात याचं नाव सोलीव बाबा. अशी नावं ठेवली नाहीत तर आमच्या धंद्यात घास गिळत नाही. मात्र गळ्याच्या वर हा माणूस वेगळाच कुणीतरी आहे. चेहरा शांत, ओठ मिटलेले, गुलाबी, कोपऱ्यात हसू म्हणावं की नाही असं काहीतरी. गळ्याच्या शिरा मात्र तटतटून फुगल्यात, हनुवटीखालचं मांस ओढलं गेलंय. अशा गळ्यावर असं तोंड बसत नाही. हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं आणि मी कुठे बोललो नाही, कारण न बोलणं मला चांगलं जमतं.

गेल्या आठवड्यात ज्या चर्चमधून तो आलाय तिथले फादर त्याला भेटायला आले होते, इस्पितळात यावं तसे, हातात टोपी घेऊन. म्हणाले, "चेहऱ्याला काही करू नका. फक्त धूळ काढा. आमच्याकडच्या बायका दुपारी याच्यासमोर येऊन बसतात. घरात काय काय होतं ते मला सांगत नाहीत, याला सांगतात. याच्याकडे बघून त्या शांत होतात. एवढं सोसून हा हसतोय म्हटल्यावर आपलं काय, असं म्हणून उठतात आणि घरी जातात." मी विचारलं, "घरी जातात?" "जातात की. कुठे जाणार?" मग माझे हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या हाताला गुण आहे असं ऐकलंय." मी मान डोलावली. स्तुती झाली की माझी मान आपोआप डोलते.

हाताला गुण. धूळ काढायला आम्ही जे वापरतो ते ऐकून पाहुणे तोंड वाकडं करतात. थुंकी. कापसाचा बोळा काडीवर गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा आणि रंगावरून फिरवायचा, दाब न देता, हळू. महागातली औषधं जे काढत नाहीत ते थुंकी काढते. आठ दिवस मी या संताच्या गालांवर थुंकतोय असं म्हटलं तरी चालेल, आणि गाल उजळत चाललेत. कुणाच्या तोंडावर थुंकायचं आणि त्यानं उजळायचं, हे फक्त इथंच. आमच्या घरी वडील थुंकायचे तेव्हा आई पदरानं पुसायची नाही, वाळू द्यायची. ते घड्याळजी होते. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवताना श्वास रोखून धरायचे, आणि अख्खा रस्ता म्हणायचा, काय हात आहेत या माणसाचे. मारायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचे, काचेला ओरखडा नको म्हणून. पट्ट्याचं बक्कल सुटल्याचा तो आवाज, टिक. मग आईचे केस मुठीत आणि डोकं भिंतीवर, एक, दोन, तीन, आणि आतल्या खोलीत मी टोले मोजायचो. एकदा सात वाजले होते. मी वडिलांसारखा नाही. मी घड्याळ वापरतच नाही. आणि हे आज पहिल्यांदाच झालं. म्हणजे ओठ पहिल्यांदाच. गेल्या वर्षी बायकोचं मनगट मुरगळलं होतं, त्याआधी दारात बोटं सापडली होती. दार मी लावलं होतं, पण बोटं सापडली असंच आम्ही दोघंही म्हणतो.

"झोपलात का?" एक्स-रेवाल्या बाई. या खोलीत त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही, रोज हाडं बघून तसं होत असावं. त्यांनी प्लेट खिडकीच्या काचेला चिकटवली आणि बोटानं दाखवलं. संताचं डोकं करडं, धुरकट, आणि चेहऱ्याच्या खालच्या भागात मोठं काळं भोक. भोकाच्या कडेला वर-खाली पांढऱ्या खुंट्यांच्या रांगा. "दात," त्या म्हणाल्या. "वेगळे बसवलेले, हस्तिदंती. तोंड आ वासलेलं आहे याचं. ओरडतोय. नंतर कुणीतरी आत काहीतरी ठासून वरून लांबीचं लिंपण केलंय आणि ओठ रंगवलेत." त्या हसल्या. "तोंडात बोळा कोंबलाय हो तुमच्या बाबाच्या." माझ्या हातात कापसाचा बोळा होता, माझ्याच थुंकीनं ओला. "समितीला दाखवू," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बैठक आहे. तोवर हात लावू नका." आणि प्लेट तशीच काचेवर सोडून जेवायला गेल्या.

वडिलांच्या टेबलाच्या खणात हरणाच्या कातड्याचं पिवळं मऊ फडकं असायचं, घड्याळाच्या काचा पुसायचं. लहानपणी मला वाटायचं ते वडीलच आईच्या तोंडात कोंबतात. तसं मी बायकोलाही लग्नाआधी सांगितलं होतं, आणि तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. मीही ती कणव पुरवून पुरवून घेतली होती. पण ते तसं नव्हतं, हे मला आत्ता, त्या प्लेटसमोर उभं असताना, अगदी नीट आठवलं. दार अर्धं उघडं. बक्कलाचा टिक. आणि आई स्वतः खण उघडते, फडकं काढते, त्याची व्यवस्थित घडी घालते आणि तोंडात भरते. मग वळते. तिला वेळ मिळावा म्हणून वडील थांबलेले. दोघांचं ते ठरून गेलं होतं, चहात साखर किती हे जसं ठरून जातं. बोळा माझ्यासाठी होता. मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी सगळं ऐकत होतो आणि तिला कधी कळू दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळाकडे बोट दाखवून विचारायचो, काय झालं, आणि ती म्हणायची, लागलं. लागलं या शब्दात मारणारा नसतो. भिंत असते, दार असतं, कोपरा असतो. ती गेली तेव्हा माणसं रांगेनं येऊन सांगत होती, फार सोशीक हो, संत होती संत. वडील कोपऱ्यात बसून रडत होते. मीही म्हणालो, संत होती. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं ते ऐकलं आणि मला वाटतं तेव्हाच तिनं काहीतरी शिकून घेतलं.

मी गरम पाण्याची पट्टी संताच्या ओठांवर ठेवली. नियम असा की आधी फोटो, मग नोंद, मग समिती, मग चाचणीपुरता एक चौरस सेंटिमीटर. मी फोटो काढला नाही. लांबी मऊ व्हायला दोन तास लागतात, मी वीस मिनिटं थांबलो. मग स्कॅल्पेलनं ते हसू खरवडलं. गुलाबी रंगाखाली पांढरी लांबी, खडू आणि सरस, ढलप्यांनी निघायला लागली. सरसाचा वास हा उकळलेल्या हाडांचा वास असतो, तो वास माझ्या नाकातोंडात गेला. एक दात दिसला, मग दुसरा. दातांमागे कापड. जाडंभरडं, सरसात भिजून वाळलेलं, आणि त्याला दुमडून घातलेली शिलाई, बारीक, सरळ, कुणा बाईच्या हातची. म्हणजे चर्चमध्ये याच्यासमोर येऊन बसणाऱ्या बायकांपैकीच कुणीतरी आपल्या अंगावरचं फाडून याच्या तोंडात भरलं होतं. त्याचं ओरडणं तिला ऐकवेना म्हणून, की तो ओरडला तर तिलाही ओरडावं लागेल म्हणून, मला काय माहीत. मी चिमट्यानं कापडाचं टोक धरलं आणि ओढलं. आलं नाही. पुन्हा ओढलं. माझा डावा हात त्याच्या कपाळावर होता, दाबून, केसांत बोटं रुतवून, हे मला नंतर कळलं. माझ्या आतून कुणीतरी म्हणत होतं, हळू, आणि ते ऐकलं तसा माझ्या दंडात तो सकाळचाच जाळ भडकला, तोच, त्याच जागी, खांद्यापासून सुटून मनगटात आलेला. बोल ना, मी म्हटलं, आणि मी हे खरोखर मोठ्यानं म्हटलं, बोल ना एकदा, आईवरून शिवी घाल, पण बोल. गुडघा टेबलाला लावून मी हिसका दिला. कडकन आवाज झाला. बोळा माझ्या हातात आला आणि त्याच्याबरोबर संताचा खालचा ओठ, मूळचा, साडेतीनशे वर्षांचा, करंगळीएवढा तुकडा, उडून फरशीवर जाऊन पडला.

तोंड उघडं होतं. आतमध्ये जीभ मागे ओढलेली, टाळूच्या घड्या, आणि पार आत, जिथं दिवा धरल्याशिवाय कुणाला कधी दिसणार नाही, तिथं कारागिरानं पडजीभसुद्धा कोरली होती. त्या तोंडानं अख्खा गळा एकदम बरोबर झाला. त्या शिरा, ते ओढलेलं मांस, सगळं या ओरडण्याचं होतं. कातडी हातावर टाकून उभा राहिलेला तो माणूस आता अजिबात सोसत नव्हता. त्याचा खालचा ओठ मधोमध फाटलेला, आतलं ताजं लाकूड पिवळं दिसत होतं. माझ्या हातातला बोळा गरम लागत होता. मी तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. त्यात दोन रकाने असतात, नुकसान आणि कारण. नुकसानाच्या रकान्यात मी सवयीनं लिहिलं, खालच्या ओठाला मार लागला. कारणाच्या रकान्यात मी वीस वर्षं अज्ञात लिहीत आलोय. पेन तिथं थांबलं.

एक्स-रेवाल्या बाई जेवून आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, काय केलंत हे?"

"ओठ फोडला."

त्यांनी वाकून पाहिलं, फरशीवरचा तुकडा रुमालात उचलला. मग माझ्या हातातला कागद पाहिला आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "फुटला असं लिहा. लाकूड जुनं आहे, कोण विचारतंय. फोडला कशाला लिहायचं? तुमची नोकरी जाईल."

"नाही, फोडला. मी."

मी आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, खालचा ओठ मी फोडला. खाली सही केली. आणि काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी रस्त्यानं जवळजवळ पळत होतो. आता मुलीसमोर बसायचं आणि हेच वाक्य बोलायचं, एवढंच राहिलं होतं. मी ते घोकत होतो. मी मारलं. दोनच शब्द, आईला जे ऐकायला मिळाले नाहीत ते माझ्या बायकोला मिळणार होते, माझ्याकडून. शपथेवर सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

जिन्यातच ठोकण्याचा आवाज आला. काकू पुन्हा दारात. "केव्हाचं चाललंय. सुतार लावलाय का?" मी कुलूप उघडून आत गेलो. दार लावायचं राहिलं. स्वयंपाकघरात मुलगी कपाटासमोर उभी होती, शाळेच्या कपड्यांत, घामानं केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हातांत माझी लाकडी हातोडी. कपाटाच्या दाराला खड्डेच खड्डे पडले होते, वरची बिजागरी उखडली होती. बायको खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होती. ओठाला दोन टाके, जबडा सुजून एका बाजूला आलेला. ती मुलीला थांबवत नव्हती. मुलगी मला बघून धापा टाकत म्हणाली, "बाबा, मी कधीची मारतेय. हे रडतच नाही."

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. "ऐक. कपाटानं काही केलेलं नाही. आईला मी मारलं."

तिनं आईकडे पाहिलं. आई नाही म्हणाली नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, दार आणि मी यांतला फरक समजून घेत असल्यासारखं. आणि हातोडी उचलली. तिचं काय चुकलं? ज्यानं लागतं त्याला मारायचं असतं, हे सकाळी मीच तर दाखवलं होतं. पहिला घाव खांद्यावर बसला, हाडावर. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी ओठ घट्ट मिटले आणि बसून राहिलो. ओरडलो नाही. चांगलं चाललंय असं मला वाटलं, हेच व्हायला हवं होतं, मी सोसतोय. मान थोडी पुढेही केली. तिनं दुसऱ्यांदा हात उगारला, कोपर मागे, खांदा वर, आणि तो खांदा मी ओळखला. तो माझ्या वडिलांचा होता.

"टाक!" बायको ओरडली. मी तिचा तो आवाज कधीच ऐकला नव्हता. "टाक ते खाली! टाक!" हातोडी फरशीवर पडली. मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. बायकोनं तिला ओढून पाठीमागे घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टाके सुटले होते, हनुवटीवरून रक्त तिच्या गळ्यात उतरत होतं, आणि तिच्या गळ्याच्या शिरा मी मोजू शकत होतो. "ऊठ! असा बसू नकोस! मार दिला आणि मार खाल्ला की फिटलं, हे शिकवतोयस तिला? ऊठ म्हणते ना!"

"मी तिला खरं सांगितलं," मी म्हणालो.

"तू स्वतःसाठी सांगितलंस!"

उघड्या दारातून काकू आत आल्या होत्या. त्यांनी कपाट पाहिलं, हातोडी पाहिली, मग बायकोचं तोंड पाहिलं. "अगं बाई, ओठाला काय लागलं हे?" मी बायकोकडे पाहिलं. मला कळलं की मी अजूनही वाट बघतोय, ती फडकं शोधेल याची. फडकं ओट्यावरच होतं, धुऊन पिळून ठेवलेलं. तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं रक्त पुसलं.

"लागलं नाही, काकू. ह्यानं मारलं."

काकूंना नीट ऐकू गेलं होतं. पण जिन्यात आणखी दारं उघडत होती, म्हणून तिनं तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.